गटाचा निरोप : लिहिण्याआधी जरा थांबा



"उद्या मीटिंग आहे, सगळ्यांनी या." गटाच्या व्हॉट्सॲपवर असा निरोप आपण नेहमीच टाकतो. पण दिवसभर वावरात कापूस वेचून आलेली ताई तो निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते. तिच्यासाठी 'उद्या' म्हणजे तिसराच दिवस! मग ती येत नाही, आणि आपण म्हणतो, "काहून आली नाही वो ताई?" चूक तिची नसते, निरोपाची असते.

म्हणून वार, तारीख, वेळ, जागा आणि सोबत काय आणायचं, एवढं एकाच निरोपात लिहा. जसं : "मंगळवार, १२ तारीख, दुपारी ४ वाजता, समाजमंदिरात बैठक. बचत व पासबुक आणावे. – सचिव." खाली नाव लिहायला विसरू नका. प्रत्येकीच्या फोनात आपला नंबर नावानं असतोच असं नाही. ज्या तायांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी हाच निरोप आवाजात पाठवा, अर्ध्या मिनिटात आटोपेल असा.

फोन एक, वाचणारे चार

आपल्याकडे पुष्कळ घरी एकच मोठा फोन असतो. तो कधी मुलाच्या हाती, तर कधी नवऱ्याच्या. गटावर लिहिलेलं घरातले सगळे वाचतात. म्हणून "अमुक ताईचा हप्ता थकला" असं गटावर कधीच लिहू नका. तिनं कर्ज कशासाठी घेतलं, हप्ता का चुकला, हे घरी माहीत असेल-नसेल. एका ओळीनं तिच्या घरी भांडण होऊ शकतं, आणि ती गटातून कायमची उठून जाऊ शकते. परतफेडीचं बोलणं बैठकीत करा, नाहीतर तिच्या घरी जाऊन करा. रागात लिहिलेलं नंतर पुसता येतं, पण तोवर कोणी वाचलं असेल तर ते मनातून पुसता येत नाही.

रात्री ९ नंतर आणि पहाटे निरोप नको. अडीअडचण असेल तर सरळ फोन लावा. निरोप वाचला की "येते" किंवा "जमणार नाही" एवढं तरी कळवा.

पुढे ढकलण्याआधी

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते भटक्या समाजातले, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. मुलं पळवणारी टोळी फिरते, अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून पसरली होती. ती पुढे पाठवणाऱ्या कितीतरी जणांना आपण सावधच करतोय असं वाटलं असेल. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

निरोपावर दोन बाण दिसले, तर तो पुष्कळ हातांतून फिरून आलाय असं समजा. कोणी पाठवला, कधीचा आहे, हे कळत नसेल तर तो आपल्याजवळच थांबवा.

'लाडकी बहीण'चे पैसे मिळतील, इथे दाबा, अशी लिंक आली तर दाबू नका. आधी अंगणवाडी ताईला किंवा ग्रामपंचायतीत विचारा. आधार कार्ड, पासबुकाचा फोटो गटावर टाकू नका. ओटीपी कोणालाच सांगू नका, बँकेतून बोलतो म्हणणाऱ्यालाही नाही. पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवून धरण्याची आशा जास्त.

ताई, हा लेख पुढच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. आपल्या गटाचे निरोपाचे चार नियम सगळ्यांच्या मतानं ठरवा आणि ठराव वहीत लिहून घ्या. पण एक ध्यानात ठेवा, निरोप हा बैठकीला बोलावण्यासाठी असतो, बैठकीच्या जागी नाही. गट चालतो तो समोरासमोर बसूनच.