खोलीतली रेल्वे आणि ८७ चा हिशेब

आगगाडीचे वेड नसलेले मूल विरळाच. पुलावर उभे राहून खालून जाणाऱ्या मालगाडीच्या वाघिणी मोजणारी मुले आपण सर्वांनीच पाहिली आहेत; लहानपणी आपणही त्या मोजल्या असतील. अशा मुलाच्या हाती सेलवर चालणारी गाडी आली, की चार दिवसांत तो गोल रूळ पुरेनासा होतो. मग मागण्या सुरू होतात. स्टेशन हवे, सांधा हवा, जमल्यास बोगदाही हवा! आमच्या घरीही हे झाले. त्या मागण्या पुऱ्या करताना आम्हांला जे शिकायला मिळाले, ते वर्गात उपयोगी पडण्यासारखे आहे असे वाटले, म्हणून हा लेख.

प्रतिकृती करायची म्हणजे मूळ वस्तूतले सगळे काही सारख्याच प्रमाणात लहान करायचे, अशी आमची समजूत होती. ती चुकीची निघाली. काही गोष्टी लहान करता येतात, काही गोष्टी घराच्या भिंती करू देत नाहीत आणि काही तर निसर्गच करू देत नाही.

प्रमाण आणि गेज

जगभर घरगुती रेल्वेसाठी सर्वांत जास्त वापरले जाणारे प्रमाण १ : ८७ हे आहे. त्याला ‘एचओ’ म्हणतात. या प्रमाणात दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. १६.५ ला ८७ ने गुणा, १४३५ येतात. युरोप-अमेरिकेतील रेल्वेचा प्रमाण गेज बरोबर १४३५ मिलिमीटर आहे. हिशेब जुळला!

पण आपल्या रेल्वेचा ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटर आहे. त्याला ८७ ने भागले तर १९.३ मिलिमीटर येतात. म्हणजे आपल्याकडील डबा १ : ८७ प्रमाणात अगदी अचूक बनवला आणि बाजारात मिळणाऱ्या रुळांवर ठेवला, तर रूळ जवळजवळ तीन मिलिमीटरने अरुंद ठरतात. उलट, याच रुळांना ब्रॉड गेज मानायचे ठरवले, तर प्रमाण सुमारे १ : १०२ घ्यावे लागेल, आणि मग दुसऱ्या कोणाच्या गाड्या आपल्या गाड्यांशेजारी शोभणार नाहीत.

अशी अडचण आपल्याच वाट्याला आली असे नाही. ब्रिटनमधील गाड्या युरोपातील गाड्यांपेक्षा आकाराने लहान. १९३० च्या सुमाराची विजेची मोटर १ : ८७ च्या ब्रिटिश इंजिनात मावेना. म्हणून तेथे इंजिने व डबे १ : ७६ प्रमाणात मोठे केले गेले, रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचेच राहिले. ती विसंगती तेथील शौकिनांनी आजवर सांभाळली आहे. आम्हीही अरुंद रूळ पत्करले. ही पहिली तडजोड.

वळण कोठे बसवायचे?

आता लांबी पाहू. आपल्याकडील नेहमीचा निळा प्रवासी डबा बफरसह सुमारे २२.३ मीटर लांब. १ : ८७ मध्ये तो २५.६ सेंटिमीटर होतो. असे चोवीस डबे आणि इंजिन मिळून गाडी सव्वासहा मीटरच्या पुढे जाते. ती उभी करायला बहुतेक घरांत एक खोली पुरणार नाही.

लांबी कमी करता येते; पाच डब्यांची गाडी करा. वळणाचे मात्र तसे नाही. ब्रॉड गेजवर आपल्याकडे १० अंशांपेक्षा तीव्र वळण ठेवत नाहीत. याचा अर्थ त्रिज्या १७५ मीटरपेक्षा कमी नसते. ८७ ने भागले की दोन मीटर येतात. गाडीला नुसते मागे वळवायचे म्हटले तरी चार मीटर रुंद जागा हवी! बाजारात मिळणाऱ्या तयार वळणाची त्रिज्या मात्र ४३.८ सेंटिमीटर असते. म्हणजे प्रत्यक्षातील केवळ ३८ मीटर. अशा वळणावर लांब डब्यांची टोके रुळांबाहेर लोंबतात आणि शेजारच्या रुळावरील गाडीला घासतात. आमचा पहिला प्रयत्न येथेच फसला. जमिनीवर मांडलेल्या दुहेरी वर्तुळात दोन गाड्या एकमेकींना सुखाने ओलांडू शकल्या नाहीत.

मग आम्ही वर्तुळच सोडून दिले. रेल्वे म्हणजे केवळ धावणारी गाडी नव्हे. मालधक्क्यावर वाघिणींची उलटसुलट जुळवाजुळव चालते, तीही रेल्वेच. आणि त्या कामाला वळण लागत नाही.

पाच, तीन, तीन

ब्रिटनमधील ॲलन राइट या शौकिनाने ‘इंगलनूक’ नावाची एक सुटसुटीत मांडणी लोकप्रिय केली. तीत तीन फाटे आणि दोन सांधे असतात. लांब फाट्यावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. तिन्ही फाटे एका बाजूला एकाच रुळात मिळतात आणि त्या रुळावर इंजिन व तीन वाघिणी एवढेच मावते. एकूण वाघिणी आठ. त्यांना १ ते ८ क्रमांक द्यायचे, चिठ्ठ्या टाकून पाच क्रमांक काढायचे, आणि त्या पाच वाघिणी त्याच क्रमाने लांब फाट्यावर लावून दाखवायच्या.

वरवर सोपा वाटणारा हा खेळ मोठ्यांनाही घाम फोडतो. आठांतून पाच वाघिणी क्रमाने निवडण्याचे प्रकार ८ × ७ × ६ × ५ × ४ म्हणजे ६७२० होतात. रोज एक सोडवला तरी अठरा वर्षे पुरतील. क्रमचयाचा धडा शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हांला तरी माहीत नाही.

आता जागेचा हिशेब. कोळसा वाहणारी बॉक्सएन ही उघडी वाघीण १०.७ मीटर लांब असते. १ : ८७ मध्ये सव्वाबारा सेंटिमीटर, जोडणीसाठी थोडी जागा सोडून तेरा धरू. इंजिनाला वीस सेंटिमीटर. म्हणून इंजिन व तीन वाघिणींच्या रुळाला ६० सेंटिमीटर, दोन सांध्यांना मिळून ४०, आणि पाच वाघिणींच्या फाट्याला ६५. एकूण १६५. दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा ठेवली, की १८० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद फळी पुरते. ती पलंगाखाली सरकवता येते किंवा भिंतीलगत मांडता येते. एवढीही जागा नसेल, तर १ : १६० हे ‘एन’ प्रमाण घ्यावे, तेच काम मीटरभर फळीवर होते.

काहीही विकत आणण्यापूर्वी फरशीवर खडूने पूर्ण आकाराचा नकाशा काढा. पुठ्ठ्याच्या तेरा सेंटिमीटरच्या आठ पट्ट्या आणि वीस सेंटिमीटरची एक पट्टी कापा, आणि खेळून पाहा. नकाशातल्या चुका येथे फुकटात सापडतात. शाळेत खर्चाची सोय नसेल तर एवढ्यावरच थांबले तरी चालते. खडू आणि पुठ्ठा यांत कोड्याचा सगळा गाभा येतो. इंजिनाच्या रुळावर तीनऐवजी दोनच वाघिणी मावतील असे केले तर काय होईल, हेही मुलांना करून पाहू द्यावे.

प्रत्यक्ष बांधणी

प्लायवूडचा पत्रा आठ फूट बाय चार फुटांचा मिळतो. त्यातून आपल्या मापाच्या चार फळ्या निघतात; चार घरांनी मिळून आणला तर स्वस्त पडतो. १२ मिलिमीटरचे प्लायवूड घेऊन खाली लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकावी. चौकट नसेल तर पावसाळ्यात फळी वाकते आणि सुट्या वाघिणी आपोआप घरंगळू लागतात. रुळांखाली बुचाची पातळ शीट चिकटवली की खडखडाट कमी होतो.

गाडीला १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो. एक रूळ धन, दुसरा ऋण. इंजिनाच्या दोन बाजूंची चाके एकमेकांपासून विद्युतरोधकाने वेगळी केलेली असतात, म्हणून प्रवाह आसातून परस्पर न जाता मोटरमधून जातो. ध्रुव उलटे केले की मोटर उलटी फिरते आणि गाडी मागे येते. चांगल्या प्रतीचा, वेग कमीजास्त करणारा तयार नियंत्रकच वापरावा. घरातील २३० व्होल्टच्या विजेशी मुलांचा संबंध कोठेही येता कामा नये.

आम्ही प्रथम एकाच टोकाला तारा जोडल्या होत्या. दुसऱ्या टोकाकडे गेले की इंजिन मंदावे. रुळांच्या प्रत्येक सांधणीपाशी थोडा रोध वाढतो आणि तेवढे व्होल्टेज वाटेतच खर्च होते. फळीखालून प्रत्येक फाट्याला वेगळ्या तारा नेल्यावर हा दोष गेला. ओहमचा नियम फळ्यावर लिहिण्याआधी हा अनुभव द्यावा.

देखाव्यासाठी खर्च करण्याची गरज नाही. वाळवलेल्या चहाच्या चोथ्याची माती होते, हिरवा रंग दिलेल्या लाकडाच्या भुशाचे गवत, आणि जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची गोदामे.

लहान न होणाऱ्या गोष्टी

सगळे जमल्यावर एक दिवस आमच्याकडच्या मुलीने विचारले, “खरी गाडी अशी थांबते का?” नियंत्रकाची कळ बंद केली की आमचे इंजिन जागच्या जागी थिजत होते. खरी गाडी किती लांबवर घरंगळत जाते, हे तिने स्टेशनात पाहिले होते. उत्तरासाठी आम्हांला कागद-पेन्सिल घ्यावी लागली.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. दर सेकंदाला वेग अर्ध्या मीटरने कमी होतो असे धरले, तर खरी गाडी सुमारे २७८ मीटरवर थांबते. प्रतिकृतीत हे अंतर ८७ पट लहान, म्हणजे ३.२ मीटर व्हायला हवे. आता प्रतिकृतीचा वेग ८७ ने भागू. सेकंदाला १९ सेंटिमीटर. तेवढाच रोध धरला तर ती ३.७ सेंटिमीटरवरच थांबते! कारण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग ८७ पट कमी झाला की अंतर ७५६९ पट कमी होते. घर्षण वजनावर अवलंबून आणि वजन गुरुत्वाकर्षणावर. लांबी आपण ८७ ने भागली. गुरुत्वाकर्षणाला आणि घड्याळाच्या सेकंदाला कसे भागणार? म्हणूनच काही इंजिनांत मोटरच्या दांड्यावर पितळेचे जड चाक बसवतात. ते फिरत राहते आणि इंजिन थोडे पुढे सरकते. तीही एक तडजोडच.

वजनाचीही अशीच गंमत आहे. रिकामी बॉक्सएन वाघीण सुमारे साडेबावीस टनांची. वजन घनफळाबरोबर कमी होते, म्हणून ते ८७ च्या घनाने, ६,५८,५०३ ने भागायला हवे. उत्तर येते ३४ ग्रॅम. एवढी हलकी वाघीण सांध्यावर सहज घसरते. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या १९३५ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे हिशेब केला, तर या लांबीच्या वाघिणीचे वजन ९७ ग्रॅमच्या आसपास असावे. आम्ही वाघिणींच्या तळाशी लोखंडी वायसर चिकटवले आणि घसरणे थांबले. नीट चालावी म्हणून तिला ‘चुकीच्या’ वजनाची करावी लागली.

खोटेपणाची यादी

रुळांतील अंतर खोटे, वजन खोटे, थांबणे खोटे. मग ही प्रतिकृती टाकाऊ ठरते का? मुळीच नाही. वाघिणींचा क्रम, सांध्यांचे काम आणि जागेची टंचाई या गोष्टी तीत अगदी खऱ्या आहेत. ज्या प्रश्नासाठी ती केली, त्या प्रश्नापुरती ती प्रामाणिक आहे.

शाळेत आपण किती प्रतिकृती वापरतो! सूर्यमालेच्या प्रतिकृतीत ग्रह चेंडूंएवढे आणि जवळजवळ टांगलेले असतात. मूल ते अंतर खरे समजून घरी जाते, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. तो गैरसमज पुढे अनेक वर्षे टिकतो.

आमच्या फळीच्या कडेला आता एक कार्डशीट लावले आहे. त्यावर मुलीने मथळा लिहिला आहे : ‘ही गाडी कोठे खोटी आहे?’ खाली आजवर सात गोष्टी लिहून झाल्या आहेत. घरी येणारे प्रत्येक मूल आधी खेळते, मग यादी वाचते आणि आठवी गोष्ट शोधू लागते. आपल्या वर्गातील पृथ्वीगोलाशेजारी, हृदयाच्या प्रतिकृतीशेजारी असा एक कोरा कागद लावून पाहावा. काय लिहायचे ते मुले शोधून काढतील.