पोपट एवढा का ओरडतो?

पोपटाच्या ओरडण्याची तक्रार शेजाऱ्यांकडून आली की त्याला पाळणाऱ्याला मिळणारे सल्ले ठरलेले असतात: पिंजऱ्यावर कापड टाका, पाणी मारा, मिरची बंद करा, जोडीदार आणा. यातले बहुतेक सल्ले एकाच समजुतीतून निघतात, ती म्हणजे पोपट मुद्दाम त्रास द्यायला ओरडतो. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी पिंजऱ्यातल्या जिवाचे फार हाल होतात.

पोपट थव्याने राहणारा पक्षी. संध्याकाळी वडा-पिंपळावर पोपट उतरतात तेव्हा काय कल्लोळ असतो, तो आपण सगळ्यांनीच ऐकला आहे. पानांच्या दाटीत एकमेकांचा पत्ता लागायचा तर हाकेशिवाय साधन नाही. या हाका किती खास असतात हे व्हेनेझुएलातल्या चिमणीएवढ्या हिरव्या पोपटांवरच्या अभ्यासातून कळलं. कार्ल बर्ग आणि सहकाऱ्यांनी तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. अंडी दुसऱ्या घरट्यांत ठेवून पाहिली, तर पिलांच्या हाका जन्मदात्यांऐवजी सांभाळणाऱ्या आईबापांच्या वळणावर गेल्या. म्हणजे पोपटाला त्याची ओळखीची हाक घरातून मिळते, जवळजवळ नावासारखी.

आता हा पक्षी आपल्या घरात आहे आणि त्याचा थवा म्हणजे आपण. आपण दुसऱ्या खोलीत गेलो की तो विचारतो, कुठे आहात? उत्तर आलं नाही की आवाज वाढवतो. सकाळी उजाडताना आणि दिवस मावळताना थोडा वेळ कल्ला करणं तर त्याचा स्वभावच आहे, आणि तो मोडायला जाऊ नये. आवाज जातीनुसारही बदलतो. दक्षिण अमेरिकेतला पिवळा-केशरी सन कोन्यूर दिसायला देखणा, पण त्याची किंकाळी दोन मजले ओलांडते. कॉकाटील आणि बजरीगर त्या मानाने सौम्य. (आपल्याकडे दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळतात ते बहुधा बजरीगरच असतात.) फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने हा विचार पक्षी आणण्याआधी करायला हवा.

“दरडावलं की गप्प बसतो” हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. तो ओरडला, तुम्ही धावत येऊन “गप्प बस!” म्हणून ओरडलात. त्याच्या हिशेबी हाकेला उत्तर मिळालं, आणि माणूसही समोर आला. पुढच्या वेळी तो तेच करणार. उपाय नेमका उलट्या दिशेने आहे. घरात एक हलकी शीळ किंवा छोटा शब्द ठरवा. खोलीबाहेर जाताना तो म्हणा, आणि पोपटाने शीळ घातली, किलबिल केली, काहीही मृदू आवाज काढला की लगेच उत्तर द्या. किंकाळीला मात्र उत्तर नाही, नजरही नाही. दोन क्षण शांत झाला की जवळ जा. सुरुवातीला ओरडणं वाढेल. नेहमीचा उपाय चालेनासा झाला की तो आधी अधिक जोर लावून पाहणारच. नेमकं त्याच वेळी कोणी विरघळून त्याला उचललं, तर आणखी वेळ ओरडलं की काम होतं, एवढंच तो शिकतो. म्हणून घरातल्या सगळ्यांनी, आजी-आजोबांनीसुद्धा, एकच रीत पाळायला हवी. मात्र किंकाळीकडे दुर्लक्ष करणं म्हणजे दिवसभर पोपटाकडे दुर्लक्ष करणं नव्हे. त्याला रोज आपला वेळ लागतोच.

आणि काम लागतं. रानात त्याचे तासन्‌तास अन्न शोधण्यात जातात. घरात सूर्यफुलाच्या बियांची वाटी काही मिनिटांत संपते. (नुसत्या याच बिया दिल्या तर अंगावर चरबीही चढते.) मक्याचं कणीस सोलायला द्या, मटाराच्या अख्ख्या शेंगा टांगा, दाणे कोऱ्या कागदाच्या पुडीत गुंडाळून ठेवा. चोच गुंतली की घसा विसावतो.

कापडाचं म्हणाल तर रात्री ते जरूर टाका. पोपटाला दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते, आणि हॉलमध्ये टीव्ही उशिरापर्यंत चालणाऱ्या घरांत ती मिळत नाही. भर दिवसा शिक्षा म्हणून अंधार करू नये. पाणी मारणं, पिंजरा बडवणं यांतून भीतीच निपजते. काही पक्षी तर ताणाने स्वतःची पिसं उपटू लागतात. मिरचीने पोपट तापतो किंवा बोलायला लागतो, हेही खरं नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्याला जाळतं, पण पक्ष्यांना त्याचा तिखटपणा जवळजवळ जाणवतच नाही. रानात मिरचीचं बी पसरवतात तेही पक्षीच.

जोडीदार आणल्याने कधी फरक पडतो, कधी दोघं मिळून ओरडतात. आणलाच तर आधी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा, म्हणजे आजार असला तर दुसऱ्याला लागणार नाही. आवाजाला कंटाळून पिंजरा स्वयंपाकघरात हलवू नका. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. एरवी शांत असलेला पोपट अचानक ओरडू लागला किंवा एकदम मुका झाला, तर पक्ष्यांचे डॉक्टर गाठा. पक्षी आजार लपवतात, लक्षणं उशिरा दिसतात.

शेवटचा गैरसमज कायद्याचा. आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट घरोघरी दिसतो म्हणून तो पाळणं चालतं असं लोक धरून चालतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार कोणताही देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. मकाव, आफ्रिकन ग्रे, सन कोन्यूर अशा परदेशी पोपटांची २०२४ च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. ओरडण्याला वैतागून खिडकी उघडून सोडून देणं ही सुटका नव्हे. माणसाच्या हातावर वाढलेल्या पोपटाला अन्न शोधता येत नाही, घारीची आणि मांजराची भीती माहीत नसते. देशी पोपट घरात असेल तर तो वनविभागाकडेच द्यावा. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ ही हेल्पलाइन आहे.