पहिल्या हिमाचा फसवेपणा : जपानी पर्वतांवरील आरंभकाळातील स्कीइंग आणि हिमथरांची घडण

बीजशब्द : हिमवर्षाव, हिमथर, हिमस्खलन, स्कीइंग, जपान, पर्वतभ्रमण

प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यात आकाशातून पडणारा बर्फ माहीत आहे तो गारेच्या रूपात. फाल्गुनात हरभरा काढणीला आलेला असताना पडलेली गार शेतकऱ्याला वर्षभर विसरता येत नाही. पण ती स्वतः मात्र घटकाभरात विरघळून जाते. उंच ढगातील जोरदार ऊर्ध्ववाहात पाण्याचे थेंब गोठत, एकमेकांवर साचत गार तयार होते. हिमाची गोष्ट वेगळी आहे. हिमकण बाष्पापासून थेट स्फटिकरूपाने जन्म घेतो आणि जमिनीवर पडल्यानंतर त्याचे खरे आयुष्य सुरू होते. पुढे कित्येक महिने तो दररोज आकार बदलत राहतो. मराठीत या दोहोंना, इतकेच नव्हे तर शीतपेटीतील खड्यालाही, 'बर्फ' हा एकच शब्द सर्रास वापरला जातो. कयाधूकाठी या शब्दसंकोचाने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु हिवाळ्याच्या सुट्टीत हिमालयातील पदभ्रमणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या अलीकडे वाढली असून, त्यांच्यासोबत जाणाऱ्या प्राध्यापकाला हिम म्हणजे केवळ पांढरा, थंड पदार्थ एवढेच ठाऊक असणे पुरेसे नाही.

हिमाचे हे बदलते स्वरूप समजून घेण्यासाठी जपान हे उत्तम उदाहरण आहे. तेथे हिमवृष्टी विपुल, तिचा अभ्यास जुना आणि नोव्हेंबरातील पहिल्या हिमावर स्कीइंगसाठी जाणाऱ्यांची गर्दीही मोठी. प्रस्तुत लेखात या आरंभकाळातील हिमाचे स्वरूप आणि त्याचा धोका यांचे विवेचन केले आहे.

समुद्र, वारा आणि पर्वत

जपानमधील हिमवृष्टीचे कारण मराठवाड्यातील वाचकाला परके वाटू नये. नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, सह्याद्रीला धडकून वर चढतात आणि पश्चिम उतारावर रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर घाट उतरून वाईला आले की तो एक हजार मिलिमीटरांपर्यंतही पोहोचत नाही. पर्जन्यछाया म्हणजे काय हे मराठवाड्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

जपानमध्ये हेच नाट्य हिवाळ्यात घडते. सायबेरियावरील अतिथंड, कोरडी हवा वायव्येकडून जपानच्या समुद्रावर येते. त्सुशिमा या उष्ण सागरी प्रवाहामुळे हा समुद्र हिवाळ्यातही गोठणबिंदूच्या बराच वर असतो. त्यावरून येताना वारे बाष्प शोषून घेतात आणि होन्शू बेटाच्या कण्यासारख्या पर्वतरांगेवर आदळून ते हिमाच्या रूपाने ओततात. हेही मोसमी वारेच, फक्त ऋतू आणि दिशा वेगळी. पर्वतापलीकडे टोकियोच्या मैदानात मात्र याच काळात कोरडे वारे आणि स्वच्छ ऊन असते. १९३१ मध्ये खुल्या झालेल्या शिमिझू बोगद्यातून आगगाडी पलीकडे गेली की प्रवासी कोरड्या हिवाळ्यातून एकदम हिमाच्या राज्यात प्रवेश करतो. कावाबाता यासुनारी यांच्या 'युकिगुनी' या कादंबरीचा आरंभ याच अनुभवाने होतो.

हिमवृष्टीचे प्रमाण किती असावे? १४ फेब्रुवारी १९२७ रोजी इबुकी पर्वतावर ११.८२ मीटर जाडीचा हिमथर मोजला गेला. म्हणजे साधारण चार मजली इमारत बुडेल इतका. आओमोरी परगण्यातील सुकायू येथे २०१३ च्या फेब्रुवारीत ५.६६ मीटरांची नोंद झाली. या प्रदेशातील सुझुकी बोकुशी या कापड व्यापाऱ्याने हिमप्रदेशातील लोकजीवनावर लिहिलेला 'होकुएत्सु सेप्पू' हा ग्रंथ १८३७ पासून प्रसिद्ध होऊ लागला. हिमाविषयीचे कुतूहल तेथे किती जुने आहे, हे त्यावरून दिसते. या मानाने स्कीइंग अर्वाचीन आहे. थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने १२ जानेवारी १९११ रोजी ताकादा येथे जपानी सैनिकांना त्याचे पहिले धडे दिले.

हिमकण : जन्म आणि रूपांतर

हिमाच्या शास्त्रीय अभ्यासात नाकाया उकिचिरो (१९००-१९६२) यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. साप्पोरो येथील होक्काइदो विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत जगातील पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. स्फटिक टांगण्यासाठी त्यांनी अनेक धागे वापरून पाहिले. अखेर यश आले ते सशाच्या केसावर. तापमान आणि बाष्पाचे प्रमाण बदलले की स्फटिकाचा आकार बदलतो, हे त्यांनी दाखवले. उणे १५ अंश सेल्सिअसच्या आसपास पुरेसे बाष्प असल्यास सहा फांद्यांची नाजूक चांदणी तयार होते. उणे ५ अंशांच्या आसपास सुईसारखे कण होतात. जमिनीवर पडलेल्या कणावरून वरच्या हवेचे हवामान ताडता येते, ते यामुळेच.

परंतु पर्वतावर जाणाऱ्याच्या दृष्टीने पडल्यानंतरचे रूपांतर अधिक महत्त्वाचे ठरते. त्याचे वर्णन जपानी भाषेने फार नेमके केले आहे. ताजे हिम ते 'शिन्सेत्सु'. ते दबून, कण एकमेकांना चिकटून घट्ट झाले की 'शिमारियुकी'. वितळण्या-गोठण्याने भरड दाणे झाले की 'झारामेयुकी'. झारामे म्हणजे जाड दाण्याची साखर. आणि वितळण न होता, थराच्या आतल्या आत बाष्प सरकून तयार झालेले मोठे, कोनेदार, सुटे दाणे म्हणजे 'शिमो-झारामे', दवहिमाची साखर. मराठी घरातील उदाहरण घेतल्यास पिठीसाखर मुठीत दाबली तर तिचा गोळा होतो. दाणेदार साखर कितीही दाबली तरी मूठ उघडताच सांडते. शिमो-झारामेचा थर असा सांडणारा असतो.

पातळ थर अधिक धोकादायक का?

हिम जितके जास्त तितका धोका जास्त, अशी सामान्य समजूत आहे. आरंभकाळातील हिम ही समजूत खोटी ठरवते.

जमीन उन्हाळ्याची ऊब धरून असते, त्यामुळे हिमथराच्या तळाचे तापमान शून्य अंशाच्या आसपास राहते. वरचा पृष्ठभाग मात्र स्वच्छ रात्री झपाट्याने थंड होतो. समजा तो उणे १२ अंशांवर गेला. थर तीन मीटर जाड असेल तर हा १२ अंशांचा फरक तीन मीटरांत विभागला जातो, म्हणजे मीटरमागे चार अंश. हा उतार सौम्य असतो. कण हळूहळू गोल होऊन एकमेकांना चिकटतात आणि थर घट्ट होतो. पण थर केवळ तीस सेंटिमीटरांचा असेल, तर तोच फरक मीटरमागे ४० अंशांइतका तीव्र होतो. मीटरमागे साधारण दहा अंशांची मर्यादा ओलांडली की खालच्या उबदार भागातील बाष्प वेगाने वर सरकते, वरच्या थंड कणांवर पुन्हा गोठते आणि कोनेदार, सुटे दाणे वाढू लागतात. थोडक्यात, थोडे हिम आणि पाठोपाठ आठवडाभर निरभ्र रात्री हा दुर्बल थर तयार होण्याचा हमखास योग आहे.

नोव्हेंबरातील जपानी पर्वतांवर नेमके हेच घडते. थंड हवेची लाट येते, दोन दिवस हिम पडते. मग उच्च दाबाचे स्वच्छ दिवस येतात. मध्येच एखादा पाऊस पडून पृष्ठभागावर बर्फाची कडक पापडी धरते. पुढची लाट आली की या सर्वांवर नवे हिम बसते. वायव्येचा जोरदार वारा ते उचलून पर्वताच्या आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो आणि तेथे कण मोडून, एकमेकांत बसून एकसंध घट्ट पाटा तयार होतो. ज्वारीच्या राशीवर जड फळी तिरपी ठेवावी, तशी ही रचना. फळी काही काळ थांबते. मग कोणीतरी तिच्यावर पाय ठेवतो.

स्की घातलेल्या माणसाचे वजन जाड थरात विरून जाते. साधारण मीटरभर खोलीनंतर त्याचा परिणाम क्षीण होतो. पातळ थरात मात्र ते थेट दुर्बल दाण्यांपर्यंत पोहोचते. दाणे कोसळतात, धप्प असा दबका आवाज होतो आणि तडा क्षणार्धात उतारभर पसरतो. अशी बहुतेक स्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि स्कीइंगची खरी मजाही याच उतारांवर असते, हा निसर्गाचा क्रूर विनोद म्हणावा लागेल.

नोव्हेंबरची २३ तारीख

आरंभकाळातील स्कीइंगचे जपानमधील प्रसिद्ध ठिकाण म्हणजे तातेयामा पर्वतातील मुरोदो. २,४५० मीटर उंचीवरील या पठारापर्यंत बस जाते. मात्र हा मार्ग नोव्हेंबरअखेर बंद होतो आणि एप्रिलमध्येच पुन्हा उघडतो. म्हणजे पहिले हिम आणि शेवटची बस यांच्यामध्ये उरतात ते थोडे दिवस. त्यातच २३ नोव्हेंबर ही राष्ट्रीय सुट्टी. उन्हाळाभर वाट पाहिलेले लोक या दिवसांत तेथे लोटतात. यंत्राने दाबलेल्या, पहारा असलेल्या स्की-केंद्राच्या उतारांवर ते जात नाहीत. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी लावून स्वतः चढ चढतात आणि कोणी न तुडवलेल्या उतारावरून खाली येतात.

२३ नोव्हेंबर २०१३ रोजी तातेयामातील मासागो शिखराच्या उतारावर झालेल्या हिमस्खलनात सात जण मृत्युमुखी पडले. त्यापूर्वी २००७ मध्ये, याच तारखेला, होक्काइदोतील कामिहोरोकामेत्तोकू पर्वतावर हिमस्खलनाने चार गिर्यारोहकांचा बळी घेतला होता. तारखेचे हे साम्य दैवी नव्हे. पर्वतावर कधी जायचे हे हिमाने नव्हे, तर दिनदर्शिकेने ठरवले, एवढाच त्याचा अर्थ. महाविद्यालयीन सहलींच्या तारखा कशा ठरतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यावर अधिक सांगण्याची गरज नाही.

आरंभकाळातील अन्य अडथळेही आहेत. सासा हा बुटका बांबू आणि हाइमात्सु हे सरपटणारे पाइन पातळ हिमातून अर्धवट वर डोकावतात. त्यांच्या फांद्यांखाली पोकळी राहते आणि स्की तीत अडकते. खडक जेमतेम झाकलेले असतात. ओढ्यांवर हिमाचे पूल धरलेले नसतात. पुढे हिम वाढले की वाकून झोपलेल्या सासाच्या गुळगुळीत पानांवरून अख्खा थर जमिनीपासून घसरतो. अलीकडच्या दशकांत जपानच्या समुद्राकडील बाजूला हिमथराची वार्षिक कमाल जाडी घटत असल्याचे तेथील हवामान संस्थेच्या नोंदी दाखवतात. हिम कमी होते म्हणून धोकाही कमी होईल, असे मात्र वर सांगितलेल्या कारणाने म्हणता येत नाही.

शिक्षक, विद्यार्थी आणि जबाबदारी

२७ मार्च २०१७ रोजी तोचिगी परगण्यातील नासू येथे माध्यमिक शाळांच्या पर्वतारोहण प्रशिक्षणात हिमस्खलन होऊन सात विद्यार्थी आणि एक शिक्षक दगावले. हंगाम सरत आला होता, तरी आदल्या रात्रीपासून नव्याने मोठे हिम पडले होते. खराब हवेमुळे शिखराची चढाई रद्द झाली. त्याऐवजी खोल हिमात वाट तुडवण्याचा सराव घेण्यात आला. पर्यायी कार्यक्रम सुरक्षितच असणार, ही भावना येथे घातक ठरली. २०२४ मध्ये उत्सुनोमिया जिल्हा न्यायालयाने या प्रकरणी तीन शिक्षकांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले.

भारतातही उदाहरणे कमी नाहीत. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचे पथक हिमस्खलनात सापडले आणि दोन डझनांहून अधिक प्रशिक्षणार्थी व प्रशिक्षक प्राणास मुकले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गच्या अफरवट उतारावर पोलंडचे दोन स्कीपटू गेले. आपल्या देशात या विषयाचा अभ्यास करणारी हिम व हिमस्खलन अध्ययन संस्था १९६९ मध्ये मनाली येथे स्थापन झाली. २०२० मध्ये ती संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या नव्या भूसूचना संशोधन आस्थापनेत विलीन करण्यात आली. या आस्थापनेकडून हिमालयातील भागांसाठी हिमस्खलनाचे इशारे दिले जातात. हिंगोलीतून निघणाऱ्या गटाने आगगाडीच्या आरक्षणाबरोबर ते पाहण्याची सवय लावून घेणे अवघड नाही.

गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवण्यासाठी हाती असलेला वेळ पहिल्या दहा-पंधरा मिनिटांचा असतो. बाहेरून मदत येईपर्यंत तो संपलेला असतो. म्हणून जपानमध्ये अशा उतारांवर जाणारा जाणकार प्रत्येक जण अंगावर संदेश-प्रक्षेपक, पाठीवर घडीची काठी आणि फावडे बाळगतो. फावड्याचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. उतारावर जाण्यापूर्वी त्याने हिमात जमिनीपर्यंत खड्डा खणतात, बाजूने हिमाचा एक चौकोनी खांब सुटा करतात, त्यावर फावड्याचे पाते ठेवतात आणि हाताने थापा मारतात : दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापेला खांब मोडला, आणि तो भुगा होऊन खचला की कापल्यासारखा सरळ सरकला, हे पाहतात. पहिल्या दहांतच तो सरळ सरकला, तर स्की पाठीवर बांधून आल्या वाटेने परत फिरतात.