तलवार मोठी की म्यान?

मुलांनो, तुमच्यापैकी बरेच जण मोबाइलवर किंवा संगणकावर व्हिडिओ गेम खेळत असाल. अशा अनेक खेळांत एक चमकदार तलवार भेटते. तिचे नाव एक्सकॅलिबर.

एकदा मधल्या सुट्टीत नववीच्या वर्गातील दोन मुले या तलवारीवरून वाद घालत होती. एक म्हणाला, "एक्सकॅलिबर सर्वांत ताकदवान आहे. तिच्यापुढे कोणी टिकत नाही." दुसरा म्हणाला, "मुळीच नाही! माझ्या खेळात तिच्याहून भारी तलवार आहे." आवाज चढले. दोघे एकाच मोहल्ल्यात राहणारे, लहानपणापासूनचे मित्र. पण त्या दिवशी दोघे वेगवेगळ्या वाटेने घरी गेले.

त्या दोघांपैकी खरे कोण बोलत होता? चला, आपण शोध घेऊ या.

प्रथम खेळांकडे पाहू. १९८७ साली जपानमध्ये 'फायनल फँटसी' नावाचा खेळ निघाला. त्यात प्रत्येक शस्त्राच्या ताकदीला आकडा दिलेला होता. एक्सकॅलिबरचा आकडा ४५ आणि मासामुने या तलवारीचा ५६. म्हणजे तेथे एक्सकॅलिबर दुसऱ्या क्रमांकावर होती. शत्रूच्या प्रकारानुसार तिला जादा बळ मिळावे, अशी नोंदही प्रोग्राममध्ये होती. परंतु प्रोग्राम लिहिताना चूक राहिली आणि ते बळ तिला मिळालेच नाही! याच मालिकेतील १९९२ सालच्या पाचव्या खेळात तर एक्सकॅलिबरची एक नकली जोडीदारीण आहे. तिने कितीही जोराने वार केला, तरी शत्रूची ताकद फक्त १ ने कमी होते.

तेव्हा लक्षात ठेवा, खेळातील शस्त्राची ताकद खेळ तयार करणारे ठरवतात. खेळ बदलला की आकडा बदलतो.

मग या तलवारीची मूळ कथा काय सांगते? ही कथा ब्रिटनमधील राजा आर्थरची आहे. असा राजा खरोखर होऊन गेला, याचा भक्कम पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. पण त्याच्या कथा शेकडो वर्षे सांगितल्या जात आहेत. सुमारे ११३६ साली जेफ्री ऑफ मॉनमथ या लेखकाने आपल्या लॅटिन ग्रंथात आर्थरच्या तलवारीला 'कॅलिबर्नस' म्हटले. ती ॲव्हलॉन नावाच्या बेटावर घडवली, असे त्याने लिहिले. पुढे टॉमस मॅलरी याने आर्थरच्या कथा इंग्रजीत एकत्र केल्या. ते पुस्तक १४८५ साली छापले गेले.

मॅलरीच्या पुस्तकात एक सुंदर प्रसंग आहे. सरोवरातून आर्थरला एक्सकॅलिबर मिळते. तेव्हा त्याचा सल्लागार मर्लिन विचारतो, "महाराज, तुम्हांला तलवार जास्त आवडली की म्यान?" आर्थर उत्तर देतो, "तलवार." मर्लिन त्याला सांगतो, की हे म्यान अशा दहा तलवारींच्या तोडीचे आहे. ते कमरेला असेल, तोपर्यंत कितीही जखमा झाल्या तरी अंगातून रक्त वाहणार नाही.

'म्यान' हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूत आपण मियान किंवा नियाम म्हणतो, तेच हे. तलवार वार करते. म्यान तलवारीला आवरते. या कथेत तर ते माणसाचा जीवही वाचवते.

पण आर्थरने म्यान नीट सांभाळले नाही. त्याची सावत्र बहीण मॉर्गन हिने ते पळवले आणि खोल पाण्यात फेकून दिले. शेवटच्या लढाईत आर्थरला प्राणघातक जखम झाली. एक्सकॅलिबर तेव्हाही त्याच्याकडे होती. म्यान मात्र नव्हते.

आता पुन्हा त्या दोन मुलांकडे वळू. दोघेही आपापल्या खेळाविषयी खरेच सांगत होते. चूक एवढीच, की "कोणत्या खेळातली?" हे दोघांपैकी कोणीच विचारले नाही. आपल्या दास्तानांतील अमर अय्यारची ज़ंबील आठवा. तिच्यात किती वस्तू मावतात? वजनकाट्यावर तोलून याचे उत्तर मिळणार नाही. ज्या दास्तानात ती ज़ंबील आहे, तिलाच विचारावे लागेल. म्हणून वाद घालण्यापूर्वी आपण कशाच्या आधारे बोलतो ते सांगावे आणि समोरच्याचा आधारही विचारावा. अर्धे भांडण तेथेच मिटते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात ही सारी हकिकत सांगितली. पहिला मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग दुसऱ्याकडे वळून म्हणाला, "तुझ्या खेळात म्यान मिळते का रे?" दुसरा हसून म्हणाला, "ठाऊक नाही. घरी ये, दोघे मिळून शोधू."

मुलांनो, वादात धारदार शब्द सर्वांनाच सुचतात. ते वेळीच म्यानात ठेवणे मात्र थोड्यांनाच जमते. मर्लिनने तुम्हांला तोच प्रश्न विचारला, तर तुम्ही काय निवडाल?