टाचेच्या भेगेशी पहारा

महाडकराला पूर समजावून सांगावा लागत नाही. सावित्री आणि गांधारी फुगल्या की दुकानातला माल माळ्यावर चढवायचा, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. २२ जुलै २०२१ला अख्खी बाजारपेठच बुडाली. पाणी ओसरलं की उरतो चिखल. तो उपसायला माणसं उतरतात ती अनवाणी, फार तर स्लिपरवर. टाचेला भेगा असतात, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असतात. उंदराच्या मुतातून पाण्यात आलेला लेप्टोस्पायरा हा जंतू याच वाटेने आत शिरतो. आरोग्य खात्याची माणसं पुरानंतर डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देत फिरतात ती त्याच्यासाठी.

पण त्या भेगेच्या आत, गोळीच्याही आधीपासून, एक जण जागा असतो. मराठी पुस्तकं त्याला ‘पूरक प्रणाली’ म्हणतात. हे नाव मला फार मिळमिळीत वाटतं. जो सगळ्यांच्या आधी धावतो तो पूरक कसा?

नावाचं मूळ पटकीच्या जंतूत आहे. १८९५ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जूल बोर्दे हा पंचविशीतला बेल्जियन डॉक्टर प्रयोग करत होता. लस टोचलेल्या प्राण्याचं ताजं सीरम पटकीच्या जंतूंना विरघळवून टाकी. तेच सीरम ५५-५६ अंशांपर्यंत तापवलं की त्याची ताकद जाई. मग त्यात लस न टोचलेल्या प्राण्याचं थोडं ताजं सीरम घातलं, तर ती परत येई. म्हणजे रक्तात दोन गोष्टी होत्या. एक उष्णता सोसणारी, लशीने तयार झालेली, ती प्रतिपिंडं. दुसरी नाजूक, पण प्रत्येकाच्या रक्तात जन्मजात असलेली. पॉल एर्लिखने या दुसरीला ‘कॉम्प्लिमेंट’, म्हणजे पूरक, म्हटलं आणि ते नाव चिकटलं. बोर्देला १९१९चं नोबेल मिळालं.

ही एक वस्तू नाही, तीसहून जास्त प्रथिनांची साखळी आहे हे पुढे कळलं. बहुतेक प्रथिनं यकृतात तयार होतात आणि रक्तात निपचित फिरत राहतात. साखळीच्या मध्यभागी आहे सी-थ्री. एक लिटर रक्तद्रवात ते साधारण एक ग्रॅम भरतं. त्याच्या पोटात एक ताणलेला रासायनिक बंध दडवलेला असतो. सी-थ्री चिरलं गेलं की तो उघडा पडतो आणि शेजारी जो पृष्ठभाग सापडेल त्याला कायमचा चिकटतो. सापडला नाही, तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत पाण्याशी संयोग पावून निकामी होतो. म्हणून हे हत्यार फार लांब भरकटत नाही.

एक सी-थ्री चिकटलं की ते आणखी सी-थ्री चिरणारं यंत्र उभं करतं. काही मिनिटांत जंतूवर लाखो खुणा बसतात. पांढऱ्या पेशी खुणा असलेला जंतू चटकन गिळतात. या कामाला ‘ऑप्सनायझेशन’ म्हणतात, आणि त्यातला ग्रीक ‘ऑप्सॉन’ म्हणजे भाकरीबरोबरचं तोंडीलावणं! चिरताना उडालेले छोटे तुकडे पांढऱ्या पेशींना हाक मारतात. जखमेभोवतीच्या सुजेत त्यांचाही वाटा असतो. शेवटी सी-नाईनचे अठरापर्यंत रेणू वेढा करून जंतूच्या आवरणाला आरपार भोक पाडतात. एका मिलिमीटरवर अशी लाखभर भोकं ओळीने मांडता येतील इतकी ती बारीक, पण जंतू फोडायला पुरतात.

आता खरा प्रश्न. सी-थ्री कशालाही चिकटतं, तर आपल्याच पेशींना का मारत नाही?

या प्रश्नापाशी मला महाडचंच चवदार तळं आठवतं. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक या तळ्याचं पाणी प्यायले. नंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. घागरी ओतणाऱ्यांच्या रक्तात आणि ज्यांचा विटाळ मानला त्यांच्या रक्तात सी-थ्री एकच होतं. पाण्यातला जंतू दोघांच्याही अंगात शिरला असता, आणि दोन्हीकडे एकाच रीतीने अडवला गेला असता. ‘फॅक्टर एच’ नावाचं प्रथिन आपल्या पेशींवरच्या विशिष्ट साखरा ओळखतं आणि तिथे बसलेलं सी-थ्री निकामी करायला मदत करतं. जंतूवर सहसा त्या साखरा नसतात. रक्तातली आपल्या-परक्याची पारख ती एवढीच.

लेप्टोस्पायरा घाव घालतो तो नेमका याच पारखेवर. पाण्यात राहणारा त्याचा निरुपद्रवी भाऊबंद माणसाच्या सीरममध्ये टाकला की थोड्याच वेळात मरतो. रोग करणारी जात मात्र आपल्याच रक्तातला फॅक्टर एच पकडून अंगावर चढवते. सी-थ्री चिकटतं, पण शेजारी घरचा माणूस उभा दिसतो आणि हल्ला थंडावतो. शिवाय हा जंतू सी-थ्रीचे तुकडे करणारी प्रथिनंही सोडतो. इतक्या बारीक, मळसूत्रासारख्या जिवाची ही हुशारी वाचून मी थक्क झालो.

विषाणूही असेच वेश घेतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अरविंद साहू यांनी देवीच्या कुळातल्या आणि हर्पिसच्या कुळातल्या विषाणूंची अशी सोंगं तपासली. त्याआधी अमेरिकेत जॉन लॅम्ब्रिस यांच्यासोबत त्यांनी सी-थ्रीला रोखणारा एक छोटा रेणू शोधला होता, ‘कॉम्प्स्टॅटिन’. तो शोधनिबंध १९९६चा. त्याच घराण्यातलं औषध २०२१ साली अमेरिकेत मंजूर झालं, ज्यांचं पूरक स्वतःच्याच लाल पेशी फोडतं अशा रुग्णांसाठी.

लेप्टोची लढाई पहिल्या फेरीत संपली नाही, तर ताप चढतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. अशा वेळी दवाखाना गाठायलाच हवा, वाट बघू नये. साधारण आठवड्याभरात प्रतिपिंडं तयार होऊन जंतूला धरतात. मग सहा डोक्यांचं सी-वन-क्यू त्या प्रतिपिंडांना पकडतं आणि बोर्देने पाहिलेली साखळी दुसऱ्या दाराने सुरू होते.

पण ते पुढचं. आज संध्याकाळी चिखल उपसून आलेला माणूस मोरीत बसून टाचा दगडाने घासतोय. भेगेतून रक्ताचा एक थेंब आला आहे, आणि त्या थेंबात सी-थ्री थोडं थोडं आपसूक उघडतंय, कोणी आत आलं असो वा नसो.