पॉलिप म्हणजे लगेच पिशवी काढणं नव्हे

आजचा विषय बघून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब, पेन्शन आणि ईसीएचएस सोडून तुम्ही बायकांच्या दुखण्यात कुठं शिरलात? त्याचं कारण सांगतो. घरातली बाई हे दुखणं अंगावर काढते, आणि शेवटी निर्णयाची वेळ येते तेव्हा सगळे घरातल्या पुरुषाच्या तोंडाकडं बघतात. म्हणून आज पुरुषांनीही बसून ऐकायचं. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. औषध सांगणार नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं, तेवढं सांगणार आहे.

आधी पॉलिप म्हणजे काय ते बघू. गर्भाशयाला आतून एक मऊ अस्तर असतं. दर महिन्याला ते वाढतं आणि पाळीत गळून जातं. कधी कधी या अस्तराचा एखादा भाग जास्त वाढतो आणि कोंबासारखा आत लोंबतो, तोच पॉलिप. तो काही मिलीमीटरचा असतो, तसाच काही सेंटिमीटरचाही असू शकतो. फायब्रॉइड वेगळा. ती स्नायूची गाठ असते. दोन्हींची गल्लत करू नका, कारण उपचार वेगळे असतात.

चाळिशी-पन्नाशीत पॉलिप जास्त आढळतात. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळं ते वाढतात. लठ्ठपणा, उच्च रक्तदाब, किंवा स्तनाच्या कर्करोगासाठी घेतलेलं टॅमॉक्सिफेन, यांनी शक्यता वाढते. लक्षणं म्हणजे दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त दिसणं, पाळीत जास्त जाणं, मूल राहायला अडचण. काहींना काहीच त्रास नसतो, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत तो दिसतो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डागही दिसला, तरी आठवडाभरात डॉक्टर गाठायचे. 'उष्णतेनं झालं असेल' म्हणून थांबायचं नाही. बहुतेक पॉलिप साधे असतात, पण थोड्यांत कर्करोग निघतो, आणि पाळी गेल्यानंतर रक्त जात असेल तर ती शक्यता वाढते. घाबरायचं नाही, पण तपासायचंच.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी हेच झालं. सौ.च्या परवानगीनं सांगतो. तिचं वय 59, पाळी जाऊन आठ वर्षं झालेली. दोन दिवस डाग दिसले, तिसऱ्या दिवशी तिनं मला सांगितलं. आम्ही इथं नोएडातल्या एका खाजगी रुग्णालयात गेलो. सोनोग्राफी झाली आणि अर्ध्या तासात सल्ला मिळाला, 'पिशवी काढून टाकू, या वयात तिचा उपयोग काय?' तुकडा तपासलेला नाही, निदान पक्कं नाही, आणि ऑपरेशनची तारीख मात्र तयार! सौ.नंच रिपोर्ट उचलला आणि म्हणाली, 'आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू.'

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी हिस्टेरोस्कोपी केली. यात योनीमार्गातून बारीक दुर्बीण गर्भाशयात घालतात. पोटावर छेद नाही, टाके नाहीत. पॉलिप डोळ्यांनी बघून मुळापासून काढतात आणि तपासणीला पाठवतात. नुसतं क्युरेटिंग केलं तर पॉलिप राहून जाऊ शकतो. दुर्बिणीचा फायदा तोच. सौ. संध्याकाळी घरी आली. रिपोर्ट येईपर्यंतचे दहा दिवस जड गेले, पण पॉलिप साधा निघाला.

पिशवी काढणं कधीच लागत नाही, असं नाही. कर्करोग असेल तर ती काढावीच लागते. पण ते मोठं ऑपरेशन आहे. पाळी चालू असताना सोबत अंडाशयही काढले, तर हाडं आणि हृदयावर परिणाम होतो.

आपल्या बीड जिल्ह्यात काय झालं, आठवा. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं 2019 मध्ये पाहणी केली. 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहातली एक! खाडा झाला तर मजुरी कापली जाते, आणि उपचाराला सवड नाही. अंगावरून जाणं, पोटदुखी अशा तक्रारींवर अनेकींना थेट ऑपरेशनच सांगितलं गेलं. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, असा आदेश दिला. नोएडात हातात कार्ड आणि गाडी असलेल्या बाईलाही तोच सल्ला मिळतो, तर फडावरच्या बाईनं कुणाला विचारायचं?

म्हणून हे पाच प्रश्न लिहून ठेवा:

1. निदान काय, आणि ते कशावरून?
2. पॉलिप लहान असेल, त्रास नसेल, तर थांबून बघता येईल का? पाळी चालू असलेल्या बायकांत लहान पॉलिप कधी कधी आपोआप जातो.
3. दुर्बिणीनं काढता येईल का?
4. काढलेला तुकडा तपासणीला जाणार ना? लेखी रिपोर्ट मिळेल ना?
5. पिशवी काढायचीच असेल, तर का? आणि अंडाशय ठेवणार का?

पॉलिप काढल्यावर पुन्हा होऊ शकतो, म्हणून सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये तारीखवार लावा. ईसीएचएसचं कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्या. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या भगिनींनाही हा हक्क आहे. आणि ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही तिचीच. समजून घेतल्याशिवाय ती तिनं करू नये, आणि घरच्यांनी घाई लावू नये.

आज जेवताना घरात हा विषय काढा. आईला, बहिणीला, बायकोला विचारा. पुढच्या भागात हाडांच्या ठिसूळपणाबद्दल बोलू. जय हिंद.