पुस्तकातला आकडा, घरातला आकडा

"शंभर टक्के खात्रीचं काय आहे?" कुटुंबनियोजनाचा सल्ला घ्यायला आलेलं जोडपं पहिल्यांदा हेच विचारतं. संबंधच न ठेवणं सोडलं तर शंभर टक्के खात्रीचं काहीच नाही, हे त्याचं खरं उत्तर. पण ते ऐकून "मग सगळं सारखंच" असं समजून कोणी उठून जात असेल, तर फार मोठी गफलत होते. साधनासाधनांत दहापट, प्रसंगी शंभरपट फरक आहे.

तो मोजायची रीत सोपी आहे. शंभर बायकांनी एखादं साधन वर्षभर वापरलं तर त्यांतल्या कितींना दिवस जातात? रेमंड पर्ल या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात असा निर्देशांक मांडला. काहीच न वापरणाऱ्या शंभर जणींपैकी सुमारे ८५ जणींना वर्षात दिवस जातात. बाकी सगळं या ८५शी ताडून पाहायचं.

मात्र प्रत्येक साधनाला आकडे दोन असतात. सगळं नियमाबरहुकूम केलं तर येणारा एक आणि चारचौघांच्या घरात प्रत्यक्ष येणारा दुसरा. जाहिरातीतलं मायलेज आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरचं मायलेज, असाच हा प्रकार. प्रिन्स्टनच्या जेम्स ट्रसेल यांनी हे दोन स्तंभ शेजारी शेजारी मांडून जगभरच्या डॉक्टरांना त्यांची सवय लावली. त्यातली घरगुती वापराची आकडेवारी मुख्यतः अमेरिकी पाहण्यांवरची आहे. आपल्याकडे ती थोडी इकडेतिकडे होईल, पण साधनांचा क्रम बदलत नाही.

गोळीपासून सुरुवात करू. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी 'माला-एन' किंवा तिच्यासारखी कोणतीही संयुक्त गोळी नियमाने घेतली, तर वर्षाला हजारांत तिघींना दिवस जातात. प्रत्यक्षात शंभरांत सात. औषध तेच, बाईचं शरीर तेच. मग एवढी तफावत कशाने? पाकीट हातात घेऊन बघा. २१ गोळ्या संप्रेरकांच्या, ७ लोहाच्या. लोहाच्या गोळ्या चुकल्या तर गर्भनिरोधनाच्या दृष्टीने काही बिघडत नाही. पण त्या सात दिवसांत बीजकोश हळूहळू जागा होऊ लागतो. पुढचं पाकीट दोन-तीन दिवस उशिरा उघडलं, तर त्याला बीज सोडायला मोकळीक मिळते. मधली एखादी गोळी विसरण्यापेक्षा संप्रेरकांच्या २१ गोळ्यांतली सुरुवातीची किंवा शेवटची विसरणं जास्त महागात पडतं, आणि नेमकं हेच सांगायचं राहून जातं. माहेरी जाताना पाकीट सासरी राहणं, दुकानात माल नसणं, गोळी सासूच्या नजरेआड घ्यावी लागणं, हे सगळं त्या सातच्या आकड्यात आहे. क्षयावरचं रिफाम्पिसिनही आहे. ते चालू असताना यकृत गोळीतली संप्रेरकं झपाट्याने मोडीत काढतं, म्हणून तेवढ्या काळापुरतं साधन बदलावं लागतं.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली 'सहेली' १९९१मध्ये बाजारात आली. सरकारी कार्यक्रमात तीच 'छाया' नावाने मिळते. तिच्यात संप्रेरकं नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. रोजचा जाच नाही हा फायदाच, पण ठरलेला वार चुकवून चालत नाही.

निरोधची तऱ्हा आणखी बोलकी. नीट वापरला तर शंभरांत दोन, प्रत्यक्षात तेरा. रबर फाटण्यापेक्षा जास्त घोटाळे वेळेचे असतात: उशिरा चढवणं, आधीच काढणं, "आज राहू दे" म्हणणं. आणि खोबरेल तेल! घराघरांत हाताशी असलेलं हे तेल किंवा व्हॅसलीन लावलं की लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर पडतं. तरीही गुप्तरोग आणि एचआयव्हीपासून संरक्षण देणारं साधन हेच, त्यामुळे नुसत्या तेराच्या आकड्यावर त्याला नापास करणं मला पटत नाही.

वीर्य बाहेर सोडण्याच्या सवयीवर विसंबणाऱ्यांत शंभरांत वीसेक जणींना दिवस जातात. 'सुरक्षित दिवसां'चा हिशेबही असाच निसरडा. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. म्हणजे मोजायचं पुढच्या पाळीपासून मागे, आणि ती तर अजून आलेलीच नसते! जपानच्या ओगिनो आणि ऑस्ट्रियाच्या क्नाउस यांनी हे कोडं १९२०च्या दशकात सोडवलं. मुंबईत र. धों. कर्व्यांनी संततिनियमन केंद्र उघडलं १९२१मध्ये. तेव्हा ना गोळी होती, ना आजची तांबी, ना या दिवसांचा धड पत्ता.

आता वळू तांबीकडे. कॉपर-टी ३८०-ए या नावातला ३८० हा आकडा तांब्याच्या पृष्ठभागाचा आहे, चौरस मिलिमीटरमध्ये. तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात. बीज सुटणं चालूच राहतं. नियमाने वापर म्हणाल तर पहिल्या वर्षी हजारांत सहा, प्रत्यक्षात आठ. दोन्ही आकडे जवळजवळ एकच, कारण बसवून घेतल्यावर बाईला रोज काही आठवावं लागत नाही. पुढे दहा वर्षं ती काम करते. क्वचित ती आपसूक बाहेर पडते, बाळंतपणानंतर लगेच बसवली असेल तर जरा जास्त वेळा, म्हणून धागा जागेवर आहे ना हे पाहायचं. "तांबी छातीत चढते" ही भीती मात्र निराधार. आणीबाणीतही तिचा उपयोग आहे: असुरक्षित संबंधानंतर पाच दिवसांत बसवली, तर दुकानातल्या ७२ तासांच्या गोळीपेक्षा ती कितीतरी भरवशाची.

'अंतरा' इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं. नियमाने घेतलं तर हजारांत दोन, प्रत्यक्षात शंभरांत चार. त्याने पाळीचं तंत्र बिघडतं. कुणाला सारखे डाग, कुणाची पाळीच बंद. हे आधी सांगितलं नाही की बाई घाबरते आणि पुढच्या तारखेला फिरकत नाही. दंडात त्वचेखाली बसवायची कांडी हजारांत एकीला दगा देते. आपल्याकडे ती सरकारी कार्यक्रमात आत्ता कुठे मोजक्या जिल्ह्यांत येते आहे.

हे सगळे आकडे एका वर्षाचे, आणि पाळणा काही एकाच वर्षासाठी लांबवायचा नसतो. वर्षाला शंभरांत सात हा वेग कायम धरला, तर पाच वर्षांत शंभरांतल्या तीस जणी अडकतात. प्रत्यक्षात सवय मुरत जाते आणि वेग कमी होतो, पण पाच वर्षांच्या अंतराचा बेत आखणाऱ्या जोडप्याला हा गुणाकार कोणीतरी करून दाखवायला हवा.

पाळणा कायमचा थांबवायचा असेल तर बाईचं ऑपरेशन पहिल्या वर्षी हजारांत पाच वेळा फसतं, पुरुषाची नसबंदी हजारांत एक-दोन वेळा. बिनटाक्याच्या नसबंदीत कातडीला बारीकसं छिद्र पाडतात, भूल तेवढ्या जागेपुरती, गडी त्याच दिवशी घरी. बाईच्या बाबतीत मात्र पोट उघडणं आलं. म्हणजे जास्त सोपं आणि जास्त खात्रीचं काय, यावर वाद नाही. आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय दिसतं? देशात १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींनी ऑपरेशन केलेलं. नवऱ्याची नसबंदी झालेल्या ०.३ टक्के. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या जणींचं ऑपरेशन झालेलं. "अशक्तपणा येतो", "जड काम होत नाही" ही कारणं ऐकायला मिळतात, दोन्ही खोटी. त्यामागे १९७६-७७ची दहशतही आहे. त्या एका वर्षात सुमारे ६२ लाख पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, त्यांतल्या कित्येक जबरदस्तीने. महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळलं. त्यानंतर सरकारही पुरुषांच्या वाटेला फारसं गेलं नाही, आणि पुरुषांनी ही सोय आनंदाने करून घेतली.

नसबंदी फसल्याच्या बऱ्याच कहाण्यांत चूक पहिल्या तीन महिन्यांतली असते. नळीत आधीचे शुक्रजंतू उरलेले असतात. तेवढा काळ निरोध वापरायचा आणि मग वीर्यतपासणी करून घ्यायची. ती करायला बहुतेक जण परत येतच नाहीत, आणि दिवस गेले की संशय बायकोवर.

साधन फसू शकतं हे कायद्यालाही ठाऊक आहे. १९७१च्या गर्भपात कायद्यात विवाहितेचं साधन फसणं हे मान्य कारण होतं. २०२१च्या दुरुस्तीने 'विवाहित' आणि 'नवरा' हे शब्द गेले, कोणतीही स्त्री आणि तिचा जोडीदार असं झालं. ऑपरेशनच्या संमतीपत्रावरही अपयशाची शक्यता छापलेली असते. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या एका खटल्यात स्पष्ट केलं, की ऑपरेशनानंतर दिवस गेले एवढ्यावरून डॉक्टर हलगर्जी ठरत नाही.

बाईच्या ऑपरेशनातलं अपयश पहिल्या वर्षावर संपत नाही. दहा हजारांहून जास्त अमेरिकी बायकांचा पाठपुरावा करून १९९६मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दहा वर्षांत हजारांत साडेअठरा जणींना दिवस गेले. तरुण वयात ऑपरेशन झालेल्यांत प्रमाण जास्त. आपल्याकडे पंचविशीतच ऑपरेशन उरकणाऱ्या कितीतरी जणी आहेत. त्याच पाहणीत अशा दर तीन गर्भांपैकी जवळपास एक गर्भाशयाबाहेर, बहुतेकदा गर्भनलिकेत, रुजलेला होता, आणि नलिका फुटली तर जिवावर बेततं. त्यामुळे ऑपरेशन होऊन दहा वर्षं झाली असली, तरी पाळी चुकली आणि ओटीपोटात एका बाजूला दुखू लागलं, तर "माझं तर ऑपरेशन झालंय" म्हणून घरी बसून न राहता त्याच दिवशी लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी.